कागदावर उतरणारा रंग : छायाचित्रांची रंगदुरुस्ती आणि इंदूर

रंगपंचमीच्या दिवशी इंदूरच्या राजवाडा परिसरातून गेर निघते. मोठमोठ्या यंत्रांतून गुलालाचे लोट इमारतींच्या गच्च्यांपर्यंत उडवले जातात आणि त्या गुलाबी, केशरी, निळ्या ढगांखालून गर्दी पुढे सरकत राहते. छायाचित्रकाराला कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर हे दृश्य डोळ्यांना दिसले तसेच, किंबहुना अधिकच झळझळीत दिसते. दुसऱ्या दिवशी छापील अंकात मात्र तोच गुलाल विटकरी झालेला असतो, निळा ढग जांभळट दिसतो आणि ढगाखालचे चेहरे काळवंडलेले असतात. शिगमोत्सवातील मिरवणुकांची छायाचित्रे छापणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. दोष बहुधा कॅमेऱ्यावर किंवा छपाईयंत्र चालवणाऱ्या कारागिरावर ढकलला जातो. प्रत्यक्षात तो या दोहोंमधल्या टप्प्यावर राहून गेलेला असतो. या टप्प्याला रंगदुरुस्ती म्हणतात, आणि संगणकाच्या युगात हे काम शिकणे जितके सोपे वाटते तितके ते झालेले नाही.

येथे तीन निरनिराळ्या कामांची गल्लत होते. छायाचित्र कापून नेमके करणे, डाग काढणे, फिकट भाग उजळणे हे संपादन होय. मूळ दृश्यातील रंगांचे परस्परसंबंध पुन्हा प्रस्थापित करणे ही रंगदुरुस्ती. आणि त्या रंगांची चार शायांत फोड करणे हे रंगविभाजन. समाजमाध्यमांसाठी काम करणाऱ्याला पहिले पुरते, दुसरे थोडेसे लागते आणि तिसऱ्याशी त्याचा संबंधच येत नाही. मुद्रणासाठी काम करणाऱ्याचा खरा कस तिसऱ्यात लागतो.

इंदूरमधील पूर्वसूत्रे

छायाचित्र आणि छपाई यांच्या या नात्याचा विचार इंदूरच्या संदर्भात करण्याला कारण आहे. भारतातील सर्वांत ख्यातनाम छायाचित्रकारांपैकी एक, राजा दीनदयाळ, यांची छायाचित्रणाची कारकीर्द याच शहरात सुरू झाली. मीरतजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयातून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशाकार म्हणून रुजू झाले. कॅमेरा त्यांनी येथेच हाती घेतला. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे आणि मध्य भारताचे ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे टिपली आणि ती १८८६ मध्ये लंडनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथातील चित्रे ‘ऑटोटाइप’ या कार्बन-रंजकाच्या पद्धतीने उतरवलेली होती. साध्या छायाचित्राचा कागद काळानुरूप पिवळा पडून फिका होई. रंजकाचे चित्र टिकाऊ असे. म्हणजे काचेच्या पट्टीवरील प्रतिमा ग्रंथाच्या पानावर कोणत्या रूपात पोहोचेल हा प्रश्न त्या काळीही छायाचित्र टिपण्याइतकाच महत्त्वाचा मानला जात होता.

दुसरे सूत्र चित्रकलेचे आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदूरला कलाविद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन हे तेथील विद्यार्थी. बेंद्रे तर इंदुरातच १९१० साली जन्मलेले. या विद्यालयाच्या निसर्गचित्रांची जी ओळख पुढे निर्माण झाली, तिच्यात उन्हाच्या रंगाकडे आणि सावलीतील रंगाकडे बारकाईने पाहण्याचा मोठा वाटा होता. सावली म्हणजे नुसता काळेपणा नव्हे, तिच्यात निळा असतो, शेजारच्या भिंतीचा तांबूसपणा असतो, ही नजर चित्रकाराला लागते तशीच रंगदुरुस्ती करणाऱ्यालाही लागते. पडद्यावरील चित्रात सावल्या निव्वळ काळ्या करून टाकणारा विद्यार्थी आणि जलरंगात काळी नळी पिळणारा विद्यार्थी यांची चूक एकच आहे.

तिसरे सूत्र वृत्तपत्राचे. ५ जून १९४७ रोजी इंदुरात सुरू झालेल्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाने भाषेइतकाच मांडणीचा आणि छपाईचाही लौकिक मिळवला. त्याचे संपादक राहुल बारपुते मराठी भाषक होते आणि चिंचाळकर गुरुजी त्यांच्या निकटच्या मित्रमंडळात होते. होळकरांच्या राज्यातून रुजलेला हा मराठी समाज हिंदी वृत्तपत्रसृष्टीत किती खोलवर मिसळला आहे, याची कल्पना महाराष्ट्रात आणि गोव्यात फारशी नसते.

हातांनी होणारे रंगविभाजन

रंगांची फोड करण्याचे काम संगणकाने निर्माण केलेले नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यात एका चित्रासाठी अनेक दगडी पाट्या लागत. कोणत्या पाटीवर कोणता रंग किती उतरवायचा हे कारागीर डोळ्यांनी ठरवून हातांनी रेखाटत असत. लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या, त्यांच्या चेहऱ्यांवरील कांतीमागे या अनाम कारागिरांची रंगविभाजनाची जाण होती.

छायाचित्र छापण्यासाठी जाळीचे तंत्र आले. सलग छटांचे चित्र लहानमोठ्या टिंबांत फोडायचे आणि टिंबांच्या आकारावरून डोळ्याला छटेचा भास घडवायचा, अशी ही युक्ती. न्यू यॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी अशा जाळीतून छायाचित्र छापले. भारतात कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी या तंत्रावर मूलगामी संशोधन केले आणि त्यांचे लेख ब्रिटनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात प्रसिद्ध झाले. रंगीत छपाईसाठी एकच चित्र लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून वेगवेगळे टिपले जाई. लाल गाळणीतून निळसर ‘सायन’ शाईची फिल्म मिळे, हिरवीतून किरमिजी ‘मॅजेंटा’ची आणि निळीतून पिवळीची. चूक राहिली तर टिंबांवर रसायनाचा हलका हात फिरवून ती बारीक केली जात. दुरुस्तीचा अर्थ शब्दशः टिंब झिजवणे असा होता, आणि हे काम शिकायला वर्षे जात. शिकाऊ उमेदवारांच्या सरकारी व्यवसाय-यादीत प्रोसेस कॅमेरामन आणि रिटचर हे स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंदले गेले होते.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये आली आणि १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत चार शायांत काम करण्याची सोय झाली. वर्षांचा हातखंडा एका खिडकीत आला. पण त्याबरोबर एक गोष्ट हरवली. फिल्मवर काम करणारा कारागीर सतत टिंबे पाहत असे, तर संगणकासमोर बसलेला शिकाऊ प्रकाशाने झगमगणारा पडदा पाहतो आणि त्यालाच छपाई समजतो.

पडदा, कागद आणि गुलाल

पडदा स्वतः प्रकाश टाकतो. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून त्यावरील प्रत्येक रंग घडतो आणि तिन्ही पूर्ण मिळाले की पांढरा दिसतो. कागदाजवळ स्वतःचा प्रकाश नसतो. खोलीतील प्रकाश त्यावर पडतो, शाई त्यातील काही भाग शोषून घेते आणि उरलेला डोळ्यांपर्यंत येतो. सायन लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी निळा. तिन्ही शाया समप्रमाणात मिसळल्या तर करडा यायला हवा. पण कोणतीही शाई पूर्ण शुद्ध नसते, म्हणून प्रत्यक्षात तपकिरीकडे झुकणारा रंग येतो. मध्यम करड्यासाठी सुमारे ५० टक्के सायन लागली तर मॅजेंटा आणि पिवळी ४० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. चौथी काळी शाई येते ती गडद भागांना खोली देण्यासाठी, अक्षरे स्वच्छ छापण्यासाठी आणि महाग रंगीत शाईची बचत करण्यासाठी.

यातून पहिला धडा मिळतो. पडदा दाखवू शकतो असे अनेक रंग चार शायांच्या आवाक्याबाहेर असतात. भडक केशरी, शुद्ध निळा आणि पावसाळ्यातील भातशेतीचा कोवळा हिरवा हे त्यांतले नेहमीचे. गेरीच्या छायाचित्रात यांपैकी दोन असतात, गोव्याच्या ऑगस्टमधील छायाचित्रात तिसरा.

गेरीचेच छायाचित्र घेऊन ही प्रक्रिया पाहता येईल. कॅमेऱ्यात ते शक्यतो कच्च्या, म्हणजे ‘रॉ’ स्वरूपात टिपावे, कारण उन्हातील गुलाबी ढगात लाल वाहिनी लवकर भरून जाते. एकूण उजेड ठीक दिसत असूनही लाल रंगाची माहिती संपलेली असते आणि तो भाग चपटा, कागदाच्या तुकड्यासारखा दिसतो. तेथे नंतर कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही.

पुढची पायरी म्हणजे चित्रात खरोखर रंगहीन असलेली वस्तू शोधणे. गर्दीतला एखादा न भिजलेला पांढरा सदरा, डांबरी रस्ता, पोलिसांच्या अडथळ्यावरील पांढरा पट्टा. अशा वस्तूवर कर्सर ठेवून आकडे वाचायचे. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही जवळजवळ समान नसतील तर संपूर्ण चित्रावर कुठल्या तरी रंगाची झाक आहे. राजवाड्याची भिंत मात्र या कामी घेऊ नये. त्या सात मजली वाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत. दोन्हींचा मूळ रंगच उबदार आहे. तो करडा केला तर आकाश आणि माणसे निळी पडतात. सराफ्यात तर ही अडचण दुप्पट होते. पेढ्या बंद झाल्यावर रात्री तेथे खाण्याच्या गाड्या लागतात. एका गाडीवर पिवळा दिवा, शेजारी पांढरी एलईडी, मागे दुकानाची रंगीत पाटी, आणि मध्ये कढईतली जिलबी. या चित्रात एकच योग्य पांढरा अस्तित्वातच नसतो. जिलबी आणि ती तळणाऱ्याचा चेहरा नीट राखून पार्श्वभूमी थोडी सोडून द्यावी लागते.

झाक काढल्यावर वक्ररेषेने, ज्याला सारे ‘कर्व्ह’ म्हणतात, उजेड आणि अंधार यांचे अंतर वाढवले जाते. अनुभवी माणसाची बहुतेक दुरुस्ती या एका साधनात आटोपते. नवशिक्या मात्र रंगांचा भडकपणा वाढवणाऱ्या सरकपट्टीकडे धावतो. पडद्यावर परिणाम तत्काळ दिसतो. छपाईत आधीच आवाक्याबाहेर असलेला गुलाबी आणखी दूर जातो आणि परतताना त्याचा सपाट पट्टा होतो.

मग चार शायांत रूपांतर. येथे कोणत्या कागदावर, कोणत्या यंत्रावर छपाई होणार याचे वर्णन करणारी रंगरूपरेषा, म्हणजे प्रोफाइल, निवडावी लागते. अशा रूपरेषांना सामाईक स्वरूप देण्यासाठी आंतरराष्ट्रीय रंग संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. कागद चकचकीत आर्ट पेपर असेल तर एक रूपरेषा, वृत्तपत्राचा असेल तर दुसरी. अनेक डीटीपी केंद्रांत संगणकाने पहिल्या दिवशी जी दिली तीच वर्षानुवर्षे वापरली जाते आणि लग्नपत्रिका, हस्तपत्रक, दैनिकातील जाहिरात या सर्वांचे एकाच मापाने विभाजन होते.

रूपांतरानंतरच्या गुलाबी ढगाकडे पुन्हा पाहावे. त्यात मॅजेंटा भरपूर असते, पिवळी थोडी, आणि सायन अगदी अल्प. ही अल्प सायन गुलाबीला मळवते, कारण ती त्याची विरोधी शाई आहे. पण ढगाचे वळसे, त्यातील कण, उंची-खोली यांचे सारे तपशीलही तिच्यातच असतात. ती काढून टाकली तर ढग उजळतो आणि त्याचबरोबर सपाट होतो. ठेवली तर तपशील राहतो आणि रंग मंदावतो. किती ठेवायची? उजळ भागांतून ती जवळजवळ शून्यावर आणून सावलीच्या वळणांत थोडी वाढवणे, हे या प्रश्नाचे उत्तर. हिरव्या शेतात हीच भूमिका मॅजेंटा बजावते. विरोधी शाईवर नियंत्रण मिळवणे हा रंगदुरुस्तीचा गाभा आहे आणि त्यासाठी प्रत्येक शाईची वाहिनी वेगळी करून पाहण्याची सवय लागते. पूर्वीचा कारागीर चार फिल्मी उजेडावर धरून हेच पाहत असे.

चेहऱ्याचा रंग

गुलाल थोडा विटका आला तर वाचक फारसा रागावत नाही. चेहरा बिघडला तर रागावतो, आणि त्याने रागवावे. माणसाच्या त्वचेचा रंग ही छपाईतील सर्वांत नाजूक बाब आहे.

त्वचेचे आकडे वाचण्याची एक ढोबळ रीत आहे. भारतीय चेहऱ्याच्या मध्यम उजेडातील भागावर, ओठ आणि गाल सोडून, कपाळापाशी कर्सर ठेवला तर पिवळी मॅजेंटापेक्षा थोडी अधिक असावी आणि सायन मॅजेंटाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. मॅजेंटा पिवळीला ओलांडून गेली की चेहरा उन्हाने भाजल्यासारखा गुलाबी दिसतो. सायन फार घटली तर मातीच्या बाहुलीसारखा, वाढली तर आजारी. वर्ण जितका सावळा तितकी सायन चढती ठेवावी लागते. काळी शाई मात्र जपून वापरावी. सावळ्या चेहऱ्याला गडदपणा काळ्या शाईने देणे हा आळशी उपाय आहे, कारण वृत्तपत्राच्या कागदावर ती पसरते आणि डोळे, नाक, गालाची गोलाई गिळून टाकते. सावळेपणा रंगीत शायांतूनच यायला हवा आणि काळी केवळ केस, भुवया, बुबुळे यांच्या रेखीवपणासाठी राखावी.

हे आकडे केवळ तांत्रिक नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅकच्या रंगीत छायाचित्रांचे प्रमाण ठरवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचे एक नमुनाचित्र प्रयोगशाळांत पाठवले जाई. त्या नमुन्यावरील स्त्रीच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा ठीक उतरली म्हणजे यंत्र ठीक. काळ्या, सावळ्या त्वचेचा विचार त्या मापनात नव्हता आणि अनेक वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे विसाव्या शतकाच्या अखेरीस आली. दुसऱ्या टोकाचे उदाहरण जून १९९४ मधले. ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर घेतले. ‘न्यूजवीक’ने ते जवळपास जसेच्या तसे छापले; ‘टाइम’ने त्वचा लक्षणीय गडद केली. दोन्ही अंक दुकानांत शेजारी मांडले गेले आणि टीकेची झोड उठली. एका वक्ररेषेच्या ओढीने खटला सुरू होण्याआधीच माणूस अपराधी दिसू शकतो, हे त्या प्रसंगाने दाखवले.

आपल्याकडे ओढ उलट्या दिशेने असते. लग्नाच्या अल्बममध्ये वधूला उजळ करण्याची मागणी इतकी सर्रास असते की तिला कोणी मागणी म्हणतही नाही; ती कामाचा भागच समजली जाते. जाहिरातींत सावळ्या वर्णाला कमी लेखू नये यासाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२० मध्ये एका सुप्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ शब्द गेला. डीटीपीच्या टेबलावर मात्र हा निर्णय रोज, एकेका चेहऱ्याबाबत होतो. भ्रमणध्वनीतील आपोआप सुधारणा करणारी बटणेही चेहरा ओळखून तो उजळ आणि गुळगुळीत करतात. वृत्तछायाचित्राबाबत याला वाव नाही. २०१५ च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत उपान्त्य फेरीतील सुमारे २० टक्के प्रवेशिका अवाजवी फेरफारांमुळे बाद झाल्या. त्यांतील बऱ्याच ठिकाणी गडद भाग इतके काळे केले होते की त्यातील तपशीलच नाहीसा झाला होता. माणूस ज्या वर्णाचा आहे त्याच वर्णाचा, पण ओळखू येईल असा छापणे, हे कौशल्य गोरेपणाच्या सरकपट्टीपेक्षा कितीतरी कठीण आहे.

वृत्तपत्राचा कागद

आर्ट पेपरवर बेतलेले चित्र वृत्तपत्राच्या कागदावर का बुडते, याचे कारण त्या कागदाच्या तहानेत आहे. तो शाई शोषतो आणि टिंब फुगते. वृत्तपत्र-छपाईच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही वाढ मध्यम छटेत २६ टक्के गृहीत धरलेली आहे. म्हणजे फाइलमधील ५० टक्क्यांचे टिंब कागदावर ७६ टक्क्यांचे भासते. योग्य रूपरेषा निवडली असेल तर संगणक याची भरपाई आधीच करतो. नसेल तर सगळे चित्र एका मळभाखाली जाते.

चारही शायांची बेरीज तत्त्वतः ४०० टक्के होऊ शकते. वृत्तपत्रासाठी ती कोणत्याही बिंदूवर २४० च्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. आर्ट पेपरवर ३०० च्या पुढेही जाता येते. मर्यादा ओलांडली की शाई वाळत नाही, समोरच्या पानावर डाग उमटतो आणि वाचकाची बोटे काळी होतात. यावर उपाय म्हणजे तिन्ही रंगीत शाया मिळून जो करडा बनतो तो काढून त्याजागी काळी भरणे. यामुळे यंत्रावर एखादी शाई कमीजास्त झाली तरी रंगाचा तोल फारसा ढळत नाही. त्वचेच्या बाबतीत मात्र हाच उपाय हात राखून वापरावा लागतो, हे वर आलेच आहे.

जाळीही वेगळी असते. वृत्तपत्रात सेंटिमीटरला सुमारे ४०, म्हणजे इंचाला १०० रेषा, तर चांगल्या पुस्तकात इंचाला १५० ते १७५. छायाचित्राची घनता जाळीच्या दीड ते दुप्पट असली की पुरे. म्हणून पुस्तकासाठी इंचाला ३०० बिंदू मागतात; दैनिकाला २०० पुरतात. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र ७२ वरून ३०० वर ‘वाढवले’ म्हणून त्यात नसलेला तपशील येत नाही.

हवामानाचा मुद्दा गोव्यातील वाचकांना विशेष जवळचा वाटेल. कागद हवेतील ओल शोषून पसरतो. मध्यंतरी तो ताणला गेला तर चार शाया एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत आणि अक्षरांच्या कडेला पिवळी किंवा गुलाबी रेघ दिसते. माळव्याच्या पठारावरील इंदूरला वर्षाचा बराच काळ कोरडी हवा मिळते. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर ही कसोटी असते. अशा दिवसांत रंगदुरुस्ती करणाऱ्याने बारीक अक्षरे चार शायांत करू नयेत आणि छायाचित्राच्या अतिसूक्ष्म तपशिलावर सारा भरवसा ठेवू नये.

शिकण्याचा क्रम

या विषयाचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्था थोड्या आहेत. पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मुद्रण अभियांत्रिकी शिकवली, मुंबईत शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहे, नेरुळच्या एसआयईएस संस्थेत मुद्रण व वेष्टन तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राहिला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डीटीपी ऑपरेटर हा व्यवसाय प्रवेशाची पायरी ठरतो. तरीही या क्षेत्रातील बहुसंख्य माणसे छायाचित्रालयात किंवा छापखान्यात काम करताकरताच शिकलेली असतात, आणि तेथे एक अडचण असते : चुकीची सवय दाखवून देणारे कोणी नसते. ग्राहक फक्त ‘रंग बरोबर नाही’ एवढे म्हणतो.

आज्ञावलीची चिंता आधी करू नये. फोटोशॉप सर्वत्र चालते, परंतु गिम्प, क्रिता, डार्कटेबल ही मोफत साधने आकडे वाचायला आणि वक्ररेषा शिकायला पुरेशी आहेत. त्याहून आधी आपली नजर तपासावी. लाल-हिरव्यातील भेद कमी जाणवणारे पुष्कळ पुरुष ते जन्मभर लक्षात न येता वावरतात. नेत्रतज्ज्ञाकडील इशिहारा चाचणीला काही मिनिटे लागतात. दोष आढळला म्हणून हे काम बंद होत नाही. आकड्यांवर अधिक विसंबावे लागते, इतकेच.

मग पडदा. नवशिक्यांच्या छपाईत सर्वाधिक आढळणारी तक्रार ‘चित्र काळे आले’ ही असते आणि तिचे कारण बहुतेक वेळा पडद्याचा प्रखर उजेड हे असते. दुकानातून आलेला पडदा डोळे दिपवील इतका तेजस्वी असतो. त्यावर चित्र उजळ दिसते, म्हणून माणूस ते आणखी गडद करतो. छपाईच्या कामासाठी पडद्याचे तेज ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतके उतरवतात. मोजणारे उपकरण नसेल तर पांढरा कागद पडद्याशेजारी धरून, खोलीतील उजेडात दोन्ही सारखे भासतील इथवर तेज कमी करणे ही कामचलाऊ युक्ती आहे. खोलीच्या भिंती भडक रंगाच्या नसाव्यात आणि छापील नमुना पाहण्यासाठी ५००० केल्विनचा दिवा असावा. पिवळ्या दिव्याखाली पसंत केलेला माहेश्वरी साडीचा कॅटलॉग दुपारच्या उजेडात नापसंत होतो आणि भुर्दंड छापखान्याला बसतो. अशा साड्यांत जर वेगळा रंग दाखवणारे ताणे-बाणे असतील तर तो भुर्दंड टाळणे आणखी अवघड, कारण कापड एका कोनातून एक आणि दुसऱ्यातून दुसराच रंग दाखवते. तेथे ग्राहकासमोर कापडाचा तुकडा आणि प्रूफ शेजारी ठेवून मान्यता घेणेच बरे.

सरावासाठी सोपी रीत अशी. तीन छायाचित्रे निवडावीत : एक सावळ्या माणसाचे, एक हिरवाईचे आणि एक पांढऱ्या वस्तूंचे, उदाहरणार्थ चिनी मातीच्या बशीत वाढलेले पोहे. प्रत्येकाची रंगदुरुस्ती करून, मूळ चित्रासह, एकाच पानावर मांडावीत आणि ते पान ज्या छापखान्यात पुढे काम द्यायचे आहे तेथेच, त्याच्याच कागदावर, दुसऱ्या एखाद्या कामाच्या उरलेल्या जागेत छापून घ्यावे. छपाईयंत्र चालवणाऱ्या कारागिराशी बोलावे. त्याच्या यंत्रावर कोणती शाई चढी लागते, कोणती प्लेट लवकर मळते, हे त्याला कोणत्याही रूपरेषेपेक्षा अधिक ठाऊक असते. छापील पानावर प्रत्येक चित्राखाली त्याच्या कपाळाचे, पानाचे, बशीचे आकडे पेन्सिलीने लिहावेत. वृत्तपत्राचा कागद काही आठवड्यांत पिवळा पडू लागतो आणि मग तुलना फसवी होते, म्हणून ही नोंद शाई वाळताच, दिवसाच्या उजेडात करावी आणि ते पान पुठ्ठ्याच्या धारिकेत, प्रकाशापासून दूर, फाइलच्या नावासह व तारखेसह ठेवावे.